जेवणाला वाट देणारी सिल्व्हानर

ड्राय जर्मन व्हाइट वाइनचा विषय निघाला की मैफल रीसलिंग मारून नेते. ते साहजिकच आहे. तिचा सुगंध आणि आम्लतेची धार घोटाघोटाला जाणवते. तिच्या शेजारी सिल्व्हानर बसवली तर ती अबोल वाटते. थोडं हिरवं सफरचंद, थोडा नाशपती, गवताचा पुसटसा वास, आणि बस्स. रसिक तिला ‘सपक’ म्हणून मोकळे होतात. पण नुसती चाखायची वाइन आणि जेवताना प्यायची वाइन यांना एकच माप लावणं चूक आहे. सिल्व्हानरचा हा अबोलपणाच ताटाशेजारी तिचा मोठा गुण ठरतो, आणि त्याचा पुरावा बव्हेरियाच्या उत्तर भागात, माइन नदीच्या काठच्या फ्रँकन प्रांतात मिळतो.

तिथल्या वसंतावर राज्य असतं श्पार्गेलचं, म्हणजे पांढऱ्या ॲस्परॅगसचं. आपल्या शतावरीच्या कुळातली ही भाजी मातीचे उंच वाफे करून त्यांच्या आत वाढवतात. ऊन लागलं नाही की कोंब पांढरे राहतात. 24 जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, तोडणी थांबते. कोंब सोलून उकडायचे, सोबत उकडलेले बटाटे, हॅम आणि वितळलेलं लोणी किंवा लोणी व अंड्याच्या बलकाचा हॉलंडेझ सॉस. वाइनला हे ताट फार अवघड जातं. कोंबांत किंचित कडवटपणा आणि गंधकाची संयुगं असतात. त्यांच्यापुढे रेड वाइनचा तुरटपणा धातूसारखा लागतो आणि लाकडी पिंपाचा वास आगंतुक वाटतो. फार आंबट वाइन भाजीचा नाजूक गोडवा झाकून टाकते. सिल्व्हानरची आम्लता बेताची असते. लोण्याचा जडपणा कापण्यापुरती, त्याहून जास्त नाही.

‘मग पाणीच का पिऊ नये?’ असं कुणी विचारेल. उत्तर मातीत आहे. फ्रँकनमधल्या व्युर्त्सबुर्ग शहराच्या डोक्यावरचा ‘श्टाइन’ हा उभ्या चढणीचा द्राक्षमळा शिंपल्यांचे अवशेष असलेल्या चुनखडीच्या खडकावर उभा आहे. अशा जमिनीतली सिल्व्हानर पातळ नसते. तिला अंग असतं, म्हणून सॉसखाली ती दबत नाही. फ्रँकनमध्ये कोरडेपणाचा आग्रहही कडक. जर्मन ‘ट्रोकन’ (म्हणजे कोरड्या) वाइनमध्ये, आम्लता पुरेशी असेल तर, लिटरमागे 9 ग्रॅमपर्यंत साखर चालते. फ्रँकनच्या जुन्या रिवाजात ती 4 ग्रॅमच्या आत हवी. तेवढ्या साखरेची गोडी जिभेला जवळपास कळतच नाही.

सपकपणाचा आरोप मात्र हवेतून आलेला नाही. 1659 मध्ये ऑस्ट्रियाकडून आणलेली रोपं कास्टेल गावी लावली गेली, तिथून ही जात फ्रँकनमध्ये रुजली. विसाव्या शतकाच्या मध्याला ती जर्मनीतली सर्वाधिक लागवडीची जात होती. ती भरघोस पिकते, आणि तिथेच घात झाला: वेलीवर घोस लादून काढलेला पाणचट रस स्वस्त, गोडसर मिश्रणांत जिरला. हा दोष लोभाचा, द्राक्षाचा नव्हे. याउलट, व्युर्त्सबुर्गची दोन जुनी धर्मादाय रुग्णालयं, ब्युर्गरश्पिटाल आणि 1576 मध्ये स्थापन झालेलं युलियुसश्पिटाल, आजही स्वतःच्या मळ्यांतून वाइन काढतात आणि तिचं उत्पन्न रुग्ण व वृद्धांच्या सेवेला लागतं. (धर्मादाय संस्थेला इतकं चविष्ट उत्पन्न क्वचितच लाभतं.) बनावट मालाचा त्रास टाळण्यासाठी नगरपरिषदेने अठराव्या शतकात ब्युर्गरश्पिटालची उत्तम वाइन चपट्या, पोटफुगीर बॉक्सबॉयटेल बाटलीत भरायचं ठरवलं; तीच फ्रँकनची ओळख झाली.

सिल्व्हानर सगळ्यांशी जमवून घेते असं मात्र नाही. नदीतले मासे, कोंबडी, ताजं चीज, कोवळ्या भाज्या यांच्याशी तिचं छान जुळतं. झणझणीत मिरचीशी नाही. ड्राय वाइनमधलं अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं आणि वाइनची बारीक चव त्यात हरवते. तिथे किंचित गोड राखलेली रीसलिंगच बरी.