कशावर वीस टक्के?

व्यापारी घरातील मुलांना हिशेब शिकवावा लागत नाही, असा आपल्याकडे समज आहे. तो बव्हंशी खराही आहे. सुट्टीत गल्ल्याशेजारी बसणारा मुलगा साडेसातशे ग्रॅम डाळीची किंमत तोंडी सांगतो. तोच मुलगा वर्गात गणिताच्या तासाला खाली मान घालून बसलेला दिसतो, याचे कारण शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून शोधले पाहिजे.

शेकडा नफ्याचे साधे उदाहरण घेऊ. ८० रुपयांस घेतलेली वस्तू १०० रुपयांस विकली, तर नफा किती टक्के? दुकानातून आलेले मूल चटकन ‘वीस’ म्हणते. पाठ्यपुस्तकातील उत्तर पंचवीस असते, म्हणून वहीत फुली पडते. वस्तुतः पुस्तक नफा खरेदी किमतीवर काढते, तर दुकानात ‘मार्जिन’ पुष्कळदा विक्रीच्या किमतीवर मोजले जाते. वीस रुपये ८० वर पंचवीस टक्के होतात आणि १०० वर वीस टक्के. शिक्षकाने फुली मारण्यापूर्वी ‘कशावर?’ एवढे विचारले, तर मुलाला आपले ज्ञान निरुपयोगी वाटणार नाही आणि पुस्तकाची रीतही उमगेल.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना विचारलेल्या हिशेबांत त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तशीच गणिते नुसत्या आकड्यांत मांडून दिली, तेव्हा हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. अभ्यास लहान आहे. पण त्यात आपल्या मुलांची ओळख पटते.

एकेकाळी आपल्याकडे शाळा आणि पेढी यांत एवढे अंतर नव्हते. रुपया सोळा आण्यांचा होता, म्हणून शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकून घेत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि ती गरज ओसरली.

मात्र शाळेचे गणितही पेढीला हवेच असते. करासह ११८ रुपयांच्या बिलात १८ टक्के जीएसटी किती? ११८ चे १८ टक्के काढणारा २१ रुपये २४ पैसे सांगेल. खरे उत्तर १८ रुपये, कारण कर मूळ १०० रुपयांवर आहे. येथेही प्रश्न तोच: कशावर?

‘शेवटी गादीवरच बसायचे आहे, मग पुढे शिकून काय करायचे?’ असे वाक्य घरात सहज बोलले जाते. ते ऐकणारे मूल वर्गात असूनही मनाने शाळा सोडून देते. पालकहो, रात्री दुकान वाढवताना दिवसातले एक बिल मुलापुढे ठेवा, त्याचा हिशेब कागदावर मांडायला सांगा आणि प्रत्येक टक्क्यापाशी ‘कशावर?’ असे विचारा. उद्या कर्जाचा कागद त्याच्यापुढे येईल, तेव्हा सही करण्याआधी हाच प्रश्न त्याला सुचला पाहिजे.