पोरांच्या कमाईची वाटणी : टनावर की डोक्यावर?



उसाचे बिल, तोडणीची पाळी, खताची मात्रा यांवर या पानांत नेहमीच लिहून येते. या खेपेला आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. विषय आपल्या पोराबाळांचा आहे, पण नीट पाहिले तर तो थेट सहकाराच्या मुळाशी जातो.

गावोगावी तरुण मंडळे आहेत. शाळाशाळांत स्काऊट-गाईडची पथके आहेत. ही मुले वर्गणी जमवतात, आनंद मेळाव्यात भज्यांचे दुकान लावतात, लेझीम आणि कबड्डीची बक्षिसे आणतात. पैसा जमेपर्यंत सगळे एकदिलाने चालते. जमला की वाटणीचा प्रश्न उभा राहतो आणि तिथेच माशी शिंकते. 'मी तीन दिवस राबलो अन् हा घरी बसला, मंग याले बी माह्याएवढेच पैसे काऊन?' असा एकाचा सवाल असतो. दुसरा बोलत नाही, पण पुढच्या वर्षी मंडळात फिरकत नाही. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कोणत्याही गावातल्या जाणत्या माणसाला विचारा, अशा कारणाने फुटलेले एखादे मंडळ तो सांगेल.

पैसा कोणत्या जातीचा?

आमच्या मते वाटणीआधी पैशाची जात ओळखली पाहिजे. मंडळाकडे येणारा पैसा साधारण तीन प्रकारचा असतो : वर्गणीचा, बक्षिसाचा आणि कष्टाचा.

वर्गणीच्या पैशाबाबत वाद नको. गणपतीसाठी, सप्त्यासाठी किंवा रामनवमीला पोहरादेवीच्या वाटेवर पाणपोई घालण्यासाठी लोकांनी दिलेला पैसा त्याच कामाचा. त्यातला एक रुपयाही पोरांनी आपसात वाटून घ्यायचा नाही. उरला तर पुढच्या वर्षासाठी ठेवावा, किंवा वर्गणीदारांना विचारून गावाच्या कामी लावावा. कायदाही तसाच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये अशी वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. पण कायद्याच्या आधी आपल्या वऱ्हाडाला गाडगेबाबांनी हे शिकवून ठेवले आहे. लोकांनी दिलेल्या पैशातून बाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःजवळ खापराचे गाडगे तेवढे ठेवले. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, तेव्हा मागे त्यांच्या मालकीची इस्टेट नव्हती, लोकांसाठी उभारलेल्या वास्तू होत्या.

बक्षिसाचा पैसा वाटता येतो. मात्र आधी खर्च वजा करावा आणि कोणाला लागले-खुपले असेल तर त्याच्या औषधाचे पाहावे. मग सर्वांना सारखा वाटा द्यावा. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यात नऊ थर रचले. छायाचित्रात वरचा पोर दिसतो, पण भार खालच्या थराच्या खांद्यावर असतो. तिथे कोणी किती काम केले हे कोणत्या काट्यावर मोजणार?

खरी कमाई

खरी गुंतागुंत आहे ती कष्टाच्या पैशाची. भारत स्काऊट आणि गाईड ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली. तिच्या पथकांत 'खरी कमाई' नावाचा उपक्रम चालतो. मुलांनी हात पसरायचा नाही, कोणाचे तरी काम करून पैसा मिळवायचा. अंगण झाडावे, बागेला पाणी द्यावे, सायकल पुसावी, खाऊचे दुकान लावावे. ब्रिटनमध्ये १९४९ साली तिथल्या बालवीरांनी असाच उपक्रम सुरू केला होता. एक काम, एक शिलिंग, असा त्याचा हिशेब होता.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पथकात २० मुले आहेत. त्यांनी तीन दिवस भज्यांचे दुकान लावले. तेल, बेसन, सरपण वजा जाता ६,००० रुपये उरले. पुढे शिबिराला जायचे आहे आणि त्याचा खर्च दर मुलामागे ४०० रुपये आहे. दहा मुले तिन्ही दिवस राबली, पाच मुले दोन दिवस आली, पाच मुले आलीच नाहीत. म्हणजे एकंदर ४० दिवसांचे काम झाले.

कामाच्या दिवसांवर वाटले तर रोज १५० रुपये पडतो. दहा मुलांना ४५०, पाच मुलांना ३०० आणि उरलेल्या पाचांना शून्य. दहा जणांचे शिबिर होऊन वर ५० रुपये खिशात राहतात. दुसऱ्या पाचांना १०० रुपये घरून आणावे लागतात. शेवटच्या पाचांना सगळेच्या सगळे ४००.

हिशेब चोख दिसतो. पण ती पाच मुले कोणाची, हेही पाहिले पाहिजे. त्यात एखादा आळशी असेल, नाही असे नाही. पण एखाद्याचे आईबाप हंगामाला तांड्यावरून परमुलखी गेलेले असतात आणि तोही त्यांच्यामागे फडावर असतो. एखादी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळत घरी असते. आपल्या फडात जे जोडपे कोयता चालवते, त्याचेच पोर कुठल्यातरी गावच्या पथकात गैरहजर लागलेले असते. ज्यांच्या हातांवाचून आपला ऊस गाडीत चढत नाही, त्यांच्या मुलाला आपण दिवस मोजून शिबिराबाहेर ठेवावे काय?

'आम्हाला तर टनावर मिळते'

इथे सभासद म्हणतील, 'आम्हाला कारखाना टनावर पैसे देतो. ज्याचा ऊस जास्त त्याला जास्त. मग पोरांना वेगळा न्याय कशापायी?' शंका रास्त आहे.

ऊस आपल्या रानातला, पाणी-खत आपले, माल आपला. तो आपण विकतो, म्हणून वजनावर दाम मिळतो आणि तेच योग्य आहे. पोरांच्या भज्यांचे तसे नाही. गिऱ्हाईक वीस रुपये देते ते 'शाळेच्या पथकाचे दुकान आहे' म्हणून. तो पैसा पथकाच्या नावावर आलेला आहे, एका पोराच्या नावावर नाही.

शिवाय आपल्याकडे तरी सगळेच टनावर कुठे चालते? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० पाहा. नफा झाला तर त्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. भागांवरचा लाभांश शेकडा १५ च्या वर देता येत नाही. आणि मत? एकराचा असो की पन्नास एकरांचा, सभासदाला मत एकच. म्हणजे मालाचा दाम टनावर, पण संस्थेचा मान डोक्यावर, आणि अडीअडचणीसाठी गाठीला काही राखून. या तिन्ही गोष्टी मिळून सहकार होतो.

हा प्रश्न परमुलखातही गाजला आहे. अमेरिकेत मुलामुलींच्या कसरतीच्या एका क्लबात पालकांनी वस्तू विकून पैसा उभा केला. ज्या घराने जेवढी विक्री केली त्या प्रमाणात त्याच घराची फी कमी, असा त्यांचा नियम होता. २०१३ साली तिथल्या कर न्यायालयाने निकाल दिला की, पैसा जर विकणाऱ्याच्याच घरी परत जात असेल तर ती संस्था धर्मादाय राहत नाही. क्लबाची करसवलत गेली. सर्वांच्या नावाने गोळा केलेला पैसा सर्वांच्या उपयोगी पडला पाहिजे, हे तत्त्व तिथेही तेच.

आमची सूचना

त्याच ६,००० रुपयांची वाटणी कारखान्याच्या रीतीने करून पाहू. चौथा हिस्सा, म्हणजे १,५०० रुपये, पथकाच्या राखीव निधीत टाकले. राहिले ४,५००. ते वीस मुलांच्या शिबिर खर्चात सारखे लावले, दर मुलामागे २२५. म्हणजे प्रत्येकाने घरून आणायचे १७५. ज्या पाच मुलांना तेही झेपत नाहीत त्यांचे ८७५ रुपये राखीव निधीतून भरले. तरी ६२५ रुपये दोरखंडाला आणि औषधाच्या पेटीला उरतात. वीसच्या वीस मुले शिबिराला जातात.

यात राबणाऱ्या पोराचे नुकसान होते, हे आम्ही नाकारत नाही. त्याच्या पदरी ४५० ऐवजी २२५ पडतात. त्याची भरपाई मानाने करावी. सर्वांसमोर त्याचे नाव घ्यावे, संघनायक निवडताना त्याचा विचार आधी करावा. आणि जो आला नाही त्यालाही मोकळे सोडू नये. परत आल्यावर त्याने भांडी घासावीत, तंबू धुवावेत, पुढच्या दुकानाला एक दिवस जास्त द्यावा. नाइलाज असलेला आणि कामचुकार यांतला फरक मुलांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. नाव वगळायचे की नाही हे त्यांनाच सभेत ठरवू द्यावे. मात्र निधीतून कोणाचे पैसे भरले ते गुरुजींपाशीच राहावे, चारचौघांत बोलू नये. पोराची मान खाली जाईल अशी मदत काय कामाची?

आणखी चार गोष्टी पाळल्या तर भांडणाला जागा राहणार नाही. वाटणीचा नियम पैसा येण्यापूर्वी ठरवून वहीत लिहावा आणि सर्वांनी सह्या कराव्यात. पैसा मंडळाच्या नावाने खात्यात ठेवावा आणि दोन सह्यांशिवाय काढू नये. खजिनदार दरवर्षी बदलावा, म्हणजे हिशेब लिहायला सर्वच शिकतील. आणि जमा-खर्चाचा कागद आठ दिवसांच्या आत शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

सभासदांना आमची विनंती एवढीच की, आपल्या गावच्या मंडळाची वही एकदा मागून पाहा. पोरांना रागावू नका, हिशेब कसा मांडतात ते शेजारी बसून दाखवा. उद्या याच पोरांपैकी कोणी सोसायटीत बसेल, कोणी या कारखान्याच्या संचालक मंडळात येईल. तेव्हा आपल्या उसाचा हिशेब त्यांच्याच हाती असेल.