अठरा महिन्यांची दहा वर्षं

२५ एप्रिल २०१५, शनिवार. ऐन दुपारी नेपाळमध्ये गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ जमीन हादरली. तीव्रता ७.८. काठमांडूतला धरहरा मनोरा कोसळला, सिंधुपाल्चोकमधली गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली. १२ मे रोजी दुसरा मोठा धक्का बसला आणि मृतांचा आकडा नऊ हजारांच्या जवळ पोचला. २४ जूनला अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने आपल्या देशात आधीपासून राहत असलेल्या नेपाळी नागरिकांसाठी टीपीएस जाहीर केलं: टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस, म्हणजे तात्पुरतं संरक्षण. मुदत होती अठरा महिने. ती वाढली, रद्द झाली, कोर्टात अडकली, पुन्हा वाढली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संपवली गेली.

या दहा वर्षांत वॉशिंग्टनमध्ये तीन अध्यक्षांची प्रशासनं आली. नेपाळी कुटुंबांच्या लेखी मात्र सगळा प्रश्न एका कार्डावर येऊन थांबत होता: वर्क परमिट, बोलीभाषेत ईएडी. राहायची परवानगी कितीही असली तरी काम करायची परवानगी नसेल तर भाडं कसं भरायचं आणि घरी पैसे कसे पाठवायचे? म्हणून या काळाचा मागोवा घेताना मी घोषणांपेक्षा त्या कार्डावर छापलेल्या मुदतीच्या मागे गेलो.

ज्या कायद्यातून हे कार्ड निघालं तो नेपाळच्या भूकंपाहून पंचवीस वर्षं जुना. १९८० च्या दशकात एल साल्वादोरच्या यादवीतून लाखो माणसं उत्तरेकडे पळाली. त्या वेळी संकटात सापडलेल्या देशांच्या लोकांना परत पाठवायचं की थांबवायचं, हे सर्वस्वी प्रशासनाच्या मर्जीवर होतं आणि साल्वादोरच्या लोकांना ती मेहेरनजर मिळाली नाही. मॅसॅच्युसेट्सचे खासदार जो मोकली आणि ॲरिझोनाचे सिनेटर डेनिस डिकन्सिनी यांनी अनेक वर्षं हा विषय लावून धरला. २९ नोव्हेंबर १९९० रोजी थोरल्या बुश यांनी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली तेव्हा त्यात टीपीएसची तरतूद होती आणि पहिला देश म्हणून एल साल्वादोरचं नाव खुद्द कायद्यातच लिहिलेलं होतं.

तरतूद तशी सुटसुटीत. देशात सशस्त्र संघर्ष चालू असेल, भूकंप-पुरासारखी आपत्ती आली असेल किंवा दुसरी एखादी असाधारण पण तात्पुरती स्थिती असेल, तर त्या देशाच्या अमेरिकेतल्या नागरिकांना सहा ते अठरा महिने संरक्षण देता येतं. मुदत संपायच्या साठ दिवस आधी आढावा घ्यायचा, मग वाढवायचं किंवा थांबवायचं. संरक्षण असेपर्यंत हद्दपारी नाही, काम करता येतं, परवानगी काढून प्रवासही करता येतो. ग्रीन कार्ड मात्र यातून मिळत नाही. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. टीपीएसधारकांना कायम वास्तव्य देणारं विधेयक सिनेटने विचारात घ्यायचं तर तीन पंचमांश मतं लागतील, असं त्यात म्हटलं आहे. थांबण्याची सोय करतानाच पुढे जाण्याच्या दाराला अशी वेगळी कडी घातली गेली.

संकट मुदतीत संपेल, असं गृहीत धरून हा कायदा लिहिला गेला. ते गृहीतक लवकरच अपुरं पडलं. होंडुरास आणि निकाराग्वाला मिच चक्रीवादळानंतर जानेवारी १९९९ मध्ये मिळालेलं संरक्षण विशी ओलांडून पुढे गेलं. दुसरीकडे कॅरिबियनमधल्या माँटसेरात बेटावर ज्वालामुखी शांत व्हायची चिन्हंच दिसेनात. तेव्हा २००४ मध्ये असा निर्णय झाला की ही स्थिती आता तात्पुरती म्हणता येत नाही, आणि २००५ मध्ये तिथल्या लोकांचं टीपीएस बंद झालं. संकट जितकं चिवट तितकं संरक्षण कच्चं, हे तेव्हाच दिसलं होतं.

नेपाळींसाठी पहिल्या नोंदणीची खिडकी १८० दिवसांची होती, डिसेंबर २०१५ पर्यंत. अट अशी की अर्जदार २४ जून २०१५ पासून सलग अमेरिकेत असला पाहिजे. भूकंपानंतर नेपाळमधून निघालेल्यांसाठी ही सोय नव्हती. पात्र होते ते आधीच तिथे असलेले: शिक्षण अर्धवट सुटलेले विद्यार्थी, व्हिसाची मुदत उलटलेले पाहुणे, लोकांची मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बाया, नेल सलून, हॉटेल आणि पेट्रोल पंपांवर राबणारे. त्यातल्या अनेकांची सरकारदरबारी कुठलीच नोंद उरलेली नव्हती. पत्ता, बोटांचे ठसे, फोटो असं सगळं आपण होऊन सरकारला द्यायचं, आणि उद्या संरक्षण काढून घेतलं तर ते आपल्याला शोधत कुठे येतील हेही त्यांना सांगून ठेवायचं, हा निर्णय सोपा नव्हता.

अर्जासाठी दोन फॉर्म. आय-८२१ संरक्षणासाठी, आय-७६५ कामाच्या कार्डासाठी. कमावत्या वयाच्या माणसाला संरक्षणाचे ५०, बोटांच्या ठशांचे ८५ आणि कार्डाचे ३८० असे एकूण ५१५ डॉलर लागत. पैसे नसतील तर फी माफीचा तिसरा फॉर्म. मग पुरावे. नागरिकतेचं प्रमाणपत्र नेपाळी भाषेत, त्यावरच्या तारखा विक्रम संवताच्या. भूकंपाचा दिवसही त्या पंचांगात २०७२ च्या वैशाखात पडतो. सगळ्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडायचं आणि तारखा इंग्रजी कॅलेंडरशी जुळवायच्या. एका कागदावर एक दिवस मागेपुढे झाला की खुलासा मागणारं पत्र येतं आणि अर्ज तेवढे महिने मागे पडतो. सलग वास्तव्य दाखवायला भाड्याची पावती, विजेचं बिल, दवाखान्याचा कागद चालतो. पण सहा जणांत एक खोली घेऊन राहणाऱ्याच्या नावावर विजेचं बिल कुठून असणार? न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात नेपाळीभाषक कामगारांसाठी काम करणाऱ्या ‘अधिकार’ या संस्थेने त्या काळात लोकांना धरून बसवून अर्ज भरून घेतले. सरकारी सूचनेपेक्षा आपल्या भाषेत समजावणाऱ्या माणसावर लोकांचा भरवसा बसला.

कार्ड हातात आलं की बाकीची कागदपत्रं त्याच्या मागोमाग येत. सोशल सिक्युरिटी नंबर, ड्रायव्हिंग लायसन्स, बँकेचं खातं. रोखीवर आणि कमी पैशांत राबणारा माणूस पगाराची चिठ्ठी मिळवू लागला. मालकाने पैसे थकवले तर तक्रार करायची हिंमत आली. पुढच्या सगळ्या ओढाताणीच्या हिशेबात ही कमाई विसरली जाता कामा नये. टीपीएसने माणसांना खरोखर उभं केलं.

पहिलं नूतनीकरण आलं ऑक्टोबर २०१६ मध्ये. मुदत २४ जून २०१८ पर्यंत वाढली. संरक्षण वाढलं तरी ते आपोआप कुणाच्या खात्यात जमा होत नाही. प्रत्येकाने साठ दिवसांच्या खिडकीत पुन्हा आय-८२१ भरायचा, पुन्हा ठसे द्यायचे आणि नवं कार्ड हवं तर पुन्हा पैसे भरायचे. जुनी कार्डं २४ डिसेंबरला संपणार होती आणि अर्ज घ्यायला सुरुवातच ऑक्टोबरच्या अखेरीस झाली. एवढ्या वेळात नवी कार्डं छापून होणार नाहीत, हे खात्यालाही माहीत होतं. म्हणून मुदतवाढ जाहीर करणाऱ्या राजपत्रातूनच जुन्या कार्डांना सहा महिन्यांची आपोआप मुदतवाढ दिली गेली. कार्डावरची तारीख तीच राहिली. मुदत वाढल्याचा पुरावा होता फक्त राजपत्राचा कागद.

पुढे खटल्यांमुळे हीच रीत होऊन बसली. २६ एप्रिल २०१८ रोजी सरकारने जाहीर केलं की भूकंपाने झालेली स्थिती आता सुधारली आहे आणि नेपाळचं टीपीएस २४ जून २०१९ ला संपेल. एल साल्वादोर, हैती, निकाराग्वा आणि सुदान यांच्याविषयीच्या तशाच निर्णयांविरुद्ध कॅलिफोर्नियात ‘रामोस’ खटला चालू होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायमूर्ती एडवर्ड चेन यांनी ते निर्णय रोखले. फेब्रुवारी २०१९ मध्ये नेपाळ आणि होंडुरासच्या लोकांनी ‘भट्टराई’ खटला दाखल केला आणि महिन्याभरात त्यांचंही संरक्षण रामोसच्या निकालाला बांधलं गेलं. सप्टेंबर २०२० मध्ये अपील न्यायालयाच्या खंडपीठाने सरकारच्या बाजूने कौल दिला, तरी खटला संपला नाही आणि म्हणून संरक्षणही चालू राहिलं.

हा सगळा काळ चालली ती राजपत्रांची मालिका. आधी मार्च २०२० पर्यंत, मग जानेवारी २०२१, ऑक्टोबर २०२१, डिसेंबर २०२२, आणि शेवटी जून २०२४ पर्यंत. २४ जून २०१९ ही तारीख छापलेलं कार्ड २०२१ मध्येही वैध होतं, कारण राजपत्रातल्या तक्त्यात ती तारीख होती. हे नव्या मालकाला पटवायचं कुणी? अमेरिकेत माणूस कामावर ठेवताना मालकाला आय-९ फॉर्म भरून कागद तपासावे लागतात. मुदत संपलेलं कार्ड आणि सोबत इंग्रजी राजपत्राच्या छापील प्रती घेऊन उभ्या राहिलेल्या उमेदवाराकडे पाहून मालक गोंधळला तर नवल नाही. लायसन्सच्या कचेरीत तेच. बऱ्याच राज्यांत लायसन्सची मुदत इमिग्रेशनच्या कागदाला बांधलेली असते; एक अडलं की दुसरं अडतं आणि गाडी चालवून पोट भरणाऱ्याचा रोज बुडतो. कायद्याने या लोकांना हक्क दिला होता, पण तो खिडकीवरच्या माणसाला समजावून सांगायची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली होती.

अमेरिकेतल्या मराठी घरांना ही चिंता अनोळखी नाही. एच-४ व्हिसावरच्या ठरावीक जोडीदारांना मे २०१५ पासून कामाची परवानगी मिळू लागली, तीही याच आय-७६५ फॉर्मवर आणि याच कार्डातून. कार्ड उशिरा आलं म्हणून चांगली नोकरी सोडावी लागलेल्या मराठी मुली न्यू जर्सीत आणि बे एरियात आहेत. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस नव्या नियमाने नूतनीकरणाच्या अर्जांवर मिळणारी आपोआप मुदतवाढ बऱ्याच वर्गांसाठी बंद केली, त्यात एच-४ चेही अर्ज आले. फरक आहे तो परतीच्या वाटेचा. पुण्याला परतणारी मुलगी मागे सोडते ती नोकरी. ज्याचं घर भूकंपात गेलं आणि वीस वर्षांचं आयुष्य क्वीन्समध्ये रुजलं, त्याला परतायचं म्हणजे शून्यातून सुरुवात.

आपल्याकडचा नेपाळी माणूस पाहिला की दुसरी बाजू दिसते. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे मुंबई-पुण्यात सोसायटीच्या फाटकावर किंवा हॉटेलच्या भटारखान्यात काम करणाऱ्या नेपाळ्याला व्हिसा लागत नाही, परमिटही लागत नाही. त्याला मुदतीची भीती नाही, हे मोठं सुख आहे. पण कागद नसल्याने पगार थकला, अपघात झाला तर हक्काने दाद मागायला हातात काही नसतं. अमेरिकेतल्या कार्डाने ती ताकद दिली होती. माणसाला दोन्ही हवं: हक्क सांगणारा कागद आणि दर दीड वर्षाने न हादरणारी जमीन.

कायमच्या वाटेचे प्रयत्न या काळात झाले. जून २०१९ आणि मार्च २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहाने टीपीएसधारकांना कायम वास्तव्याकडे नेणारी विधेयकं मंजूर केली. सिनेटमध्ये ती पुढे सरकली नाहीत. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांचेझ प्रकरणात एकमताने सांगितलं की टीपीएस मिळाल्याने आधीचा विनातपासणीचा प्रवेश कायदेशीर ठरत नाही, त्यामुळे अशा माणसाला देशात राहून ग्रीन कार्ड घेता येणार नाही. बरेच नेपाळी व्हिसावर विमानतळावरून आलेले असल्याने त्यांच्यातल्या काहींना कुटुंबाच्या किंवा नोकरीच्या आधारे मार्ग सापडला. २०२५ पर्यंत टीपीएस घेतलेल्या सुमारे १२,७०० नेपाळींपैकी साधारण साडेपाच हजारांना ग्रीन कार्ड मिळालं होतं. उरलेल्या सात हजारांसाठी आधार एकच होता, पुढची मुदतवाढ.

जून २०२३ मध्ये २०१८ चा निर्णय मागे घेण्यात आला आणि २४ जून २०२५ पर्यंत पुन्हा रीतसर अठरा महिने मिळाले. शेवट आला तो झटक्यात. जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात घोषणा झाली की नेपाळचं संरक्षण ५ ऑगस्टला संपेल. २०१८ मध्ये निदान वर्षाची सवड दिली होती. या वेळी साठ दिवस. ३१ जुलैला न्यायमूर्ती ट्रिना थॉम्प्सन यांनी नेपाळ, होंडुरास आणि निकाराग्वाचं संरक्षण नोव्हेंबरपर्यंत वाढवलं आणि २० ऑगस्टला अपील न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. तीन आठवड्यांत वैध, मग अवैध. कोर्टातली लढाई त्यानंतरही चालूच राहिली. त्याच जुलैत मंजूर झालेल्या नव्या कायद्याने इतर देशांच्या लोकांसाठी टीपीएस नोंदणीची फी ५० वरून ५०० डॉलरवर नेली आणि नव्या कार्डाची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष केली. म्हणजे नूतनीकरणाची रांग आणखी आखूड अंतराने लागणार.

दहा वर्षांकडे मागे वळून पाहताना मला तात्पुरत्या संरक्षणात खोट दिसत नाही. भूकंपाच्या दुसऱ्या महिन्यात कुणाचं आयुष्य कसं घडणार, हे सांगता येत नाही. तेव्हा अठरा महिने देणं शहाणपणाचंच होतं. खोट आहे ती त्या अठरा महिन्यांची पाच-पाच, दहा-दहा आवर्तनं झाल्यावरही कायदा पहिल्याच पानावर थांबून राहतो यात. दहा वर्षं कर भरलेल्या, मुलं तिथल्या शाळेत वाढवलेल्या आणि दर नूतनीकरणाला पोलीस नोंदी तपासून दिलेल्या माणसाबद्दल सरकारला जे कळायचं ते कधीच कळून चुकलेलं असतं.

वाट काढता येते, याला दाखला आहे. लायबेरियाच्या यादवीतून आलेल्यांना मार्च १९९१ मध्ये टीपीएस मिळालं. नंतर वेगवेगळ्या नावांनी ते वर्षानुवर्षं लांबत राहिलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये काँग्रेसने कायदा करून त्यांना ग्रीन कार्डाचा अर्ज करू दिला. त्यासाठी अठ्ठावीस वर्षं लागली. काँग्रेसने ठरवलं तर हेच काम ठरावीक वर्षांच्या हिशेबात बसवता येईल: इतकी नूतनीकरणं सलग झाली, नोंदी स्वच्छ राहिल्या, की कायम वास्तव्याचा अर्ज खुला. आणि तोवर संरक्षणाची मुदत आणि कार्डावरची मुदत एकच असावी, कार्ड ती सुरू होण्याआधी हातात पडावं. संरक्षण देणाऱ्या कायद्याकडून एवढी अपेक्षा रास्त आहे, आणि ती पुरी होईपर्यंत मागत राहिली पाहिजे.