रुग्णशय्येवरील बालवीर

हैदराबादचे नामपल्ली स्थानक मराठी माणसाला परके नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्या काळापासून तेथील माणसे शिक्षणासाठी, कोर्टकचेरीसाठी आणि दुखण्याबाण्यासाठी या शहराची वाट धरीत आली आहेत. स्थानकापासून जवळच रेड हिल्स हा भाग लागतो. तेथे स्त्रिया व बालके यांच्यासाठी १९५३ साली उभारलेले निलोफर रुग्णालय आहे, आणि १९५५ साली स्थापन झालेले, मेहदी नवाज जंग यांचे नाव धारण करणारे कर्करोगाचे सरकारी रुग्णालयही आहे. वाचकहो, वीर पाहावयाचे असतील, तर इतिहासाची पाने उलटण्यापूर्वी अशा रुग्णालयांच्या बालविभागात जावे.

बालकांना होणाऱ्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत अधिक असते. त्याच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारावरील उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. शिरेतून औषधे, पाठीच्या कण्यात सुई, केस गळणे, तोंड सोलवटणे, अन्नावरची वासना उडणे, संसर्गाच्या भयाने शाळेला व सवंगड्यांना मुकणे, हे सारे सात-आठ वर्षांच्या जिवाच्या वाट्याला येते. सुई दिसताच त्याला रडू कोसळते, आणि तरीही ते लेकरू हात पुढे करते. हेच त्याचे शौर्य. त्याला ‘शूर मुले रडत नाहीत’ असे कोणी सांगू नये. प्रभू येशूलाही गेथशेमानी बागेत भय वाटले होते. त्याने शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहण्यास सांगितले, आणि ते झोपी गेले. आजारी लेकराचीही आपल्याकडे तेवढीच मागणी असते.

एके काळी या रोगापुढे वैद्यकशास्त्र हतबल होते. १९४८ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी सोळा मुलांना अमिनॉप्टेरिन हे औषध दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी दहांना काही काळ उतार पडला. ते औषध तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांचे अग्रणी होते आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे, आणि प्रगत देशांत या प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगातून दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

आपल्याकडे हे प्रमाण कमी भरते. निदान उशिरा होणे हे एक कारण, आणि उपचार अर्ध्यावर सोडणे हे दुसरे. पहिल्या महिना-दीड महिन्यात ताप उतरतो, पोर खेळू लागते. इकडे पेरणी खोळंबलेली असते, गाठीचा पैसा सरलेला असतो. ‘बरे झाले’ असे म्हणून आईबाप गाव गाठतात. परंतु दडून राहिलेल्या रोगपेशी पुन्हा वाढतात, आणि उलटलेला रोग पहिल्याहून हट्टी असतो. लेकराने धीर सोडलेला नसतो. धीर सुटतो तो त्याच्याभोवतीच्या मोठ्यांचा.

म्हणून गावाचेही येथे कर्तव्य आहे. ताप वारंवार येणे, अंग पांढरेफटक पडणे, मार न लागता काळेनिळे डाग उठणे, हाडे दुखणे, गाठी सुजणे अशी लक्षणे दिसल्यास रक्ताची तपासणी करून घ्यावी. उपचाराला गेलेल्या कुटुंबाची गुरे शेजाऱ्याने सांभाळावी, धाकट्या भावंडांना दोन घास घालावे, तरुणांनी रक्तदान करावे. सरकारी योजनांविषयी रुग्णालयातील समाजसेवकांना विचारावे. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तेव्हा मूल परतल्यावर त्याला वेगळे पाडू नये. डॉक्टरांनी अनुमती देताच त्याच्यासाठी शाळेचा बाक मोकळा असावा.

सगळीच मुले वाचत नाहीत, हेही खरे. पंधराव्या वर्षी, २००६ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तलेल्या कार्लो अकुतिस या इटलीतील मुलाला २०२५ साली संतपद जाहीर झाले. ज्यांची नावे कोणत्याही वेदीवर येणार नाहीत, अशी कितीतरी लेकरे त्याच वाटेने जातात. औषधाचा उपाय हरला, तरी वेदना शमविण्याचा उपाय उरतो, आणि उशाशी बसण्याचा उरतोच. त्या वेळी तरी आपण झोपी जाऊ नये.