बंद गाडी, चालू गाडी (भाग ४) : हवा शिरते कुठून?

मागच्या भागात टाकी धुऊन झाली, पेट्रोल कॉकचे वायसर बदलून झाले. आता हात किककडे जातोच. तो आवरा. वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असलेली आरएक्स १०० किंवा जुनी येझदी नुसत्या उभं राहण्याने जेवढी बिघडत नाही, तेवढी पहिल्या चार-दोन रागाच्या किकांनी बिघडते.

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी ऑईल साठलेलं असतं. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये तसा साठा नसतोच. पेट्रोलसोबत जे ऑईल येईल, त्यावरच क्रँकची बेअरिंगं, कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक आणि सिलिंडरची भिंत यांचं भागतं. गाडी बंद पडली की पेट्रोल उडून जातं आणि ऑईलचा पातळसा थर तेवढा मागे राहतो. त्यात पिस्टन जर एक्झॉस्टचा पोर्ट उघडा ठेवून थांबला असेल, तर पावसाळी हवा सायलेन्सरमधून थेट आत. येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, म्हणजे ओलीला वाटाही दोन! मग बोअरला गंजाचा पट्टा धरतो आणि अशा वेळी किक मारली की रिंग त्या पट्ट्यावरून खरवडत जाते, कधी पोर्टच्या कडेला अडकून तुटतेही.

म्हणून आधी प्लग काढा. त्या भोकातून तीन-चार चमचे टू-टी ऑईल सोडा, थोडं डिझेल मिसळलं तरी चालेल, आणि गाडी रात्रभर तशीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी मधल्या स्टँडवर घेऊन वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. पिस्टन हलला तर उत्तम. नाही हलला तर जोर करू नका, पाइप लावून किक ओढण्याचा पराक्रम तर नकोच. हेडचे नट काढून आत काय आहे ते डोळ्यांनी पाहा. हेड उघडलंच आहे, तर पिस्टन वर आणून रॉडला वर-खाली खेळ आहे का तेही तपासा. बाजूला थोडा खेळ असतोच, तो असायलाही हवा. वर-खाली मात्र अजिबात चालत नाही. तसा खेळ असेल तर क्रँक लेथवाल्याकडे गेलाच म्हणून समजा.

समजा पिस्टन हलला, प्लगला ठिणगीही आली. बहुतेक जण इथेच खूश होऊन पेट्रोल ओततात. माझ्या मते खरं काम इथून पुढे आहे, आणि ते ठिणगीचं नाही, हवेचं आहे. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये पोकळी तयार होते आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढलं जातं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या पोर्टांतून वर सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे क्रँककेस हा पंप आहे, आणि तो हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन टोकांचे दोन ऑईल सील. भारतात या दोन्ही गाड्यांचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. त्यामुळे मूळचे सील असतील तर ते तिशीच्या घरातले, एव्हाना बांगडीसारखे कडक झालेले.

मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला की बाहेरची कोरडी हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. अॅल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी बोअरपेक्षा जास्त फुगतो आणि भर घाटात गाडी जाम होते. त्याआधी एक खूण दिसते : अॅक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली येत नाही, उलट चढतो. पुष्कळ मेकॅनिक तेव्हा कार्बोरेटरचा स्क्रू पिळत बसतात. क्लचच्या बाजूचा सील गेला तर उलटा प्रकार. तिथून गिअर ऑईल ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑईलची पातळी उतरत जाते. मालकाला वाटतं, टू-स्ट्रोक आहे, धूर काढणारच.

तपासणी घरी होते. ब्लडप्रेशर मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि काट्याची तबकडी घ्या. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढा. प्लग घट्ट लावा, पिस्टन पूर्ण खाली आणा आणि कार्बोरेटरकडचं तोंड बंद करा. एक्झॉस्टच्या तोंडात रबरी बूच बसवून त्यातून नळी घ्या; येझदीचं दुसरं एक्झॉस्टही बुजवा. काटा २५० पर्यंत चढवा, ३०० च्या वर नको, नाहीतर धडधाकट सीलची ओठाळीच उलटायची. मिनिटाभरात काटा ५० पेक्षा जास्त घसरला तर गळती आहे. मॅग्नेटच्या बाजूला, सिलिंडरच्या पॅकिंगवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा सांगतात. क्लचच्या बाजूसाठी गिअर ऑईल भरायच्या भोकाला कान लावा.

मॅग्नेटकडचा सील मॅग्नेट काढला की निघतो. दुसऱ्यासाठी क्लच उतरवावा लागतो आणि काही इंजिनांत केस फोडावी लागते. केस फोडलीच तर बेअरिंगं जुनी ठेवू नका. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेव्हा व्हायटॉनचे सील मिळाले तर तेच घ्या.

आरएक्सवाल्यांसाठी आणखी एक. तुमच्या गाडीत ऑईल पंपाने जातं, पण इतक्या वर्षांनी पंपात आणि नळीत हवा भरलेली असते. पंपाचा हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि बुडबुडे संपेपर्यंत ऑईल वाहू द्या. तरीही पहिल्या टाकीत दर लिटरला २० मिलिलिटर टू-टी हाताने मिसळाच. धूर जास्त होईल, प्लग एखादे वेळी काळा पडेल. चालतं.

क्रोम, रंग, टाकीवरचे स्टिकर यांवर पैसे उधळून आतले सील जुनेच ठेवलेल्या गाड्या मला सगळ्यात महागड्या वाटतात. पुढच्या आठवड्यात कार्बोरेटर उघडू. तोवर कोणी कितीही सांगितलं तरी जेटमध्ये तार घालू नका. भोक मोठं झालं की तो जेट बादच.