फेस आला म्हणजे डाग गेला?

पांढऱ्या शर्टाच्या कॉलरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, "लिंबू पिळा, वरून खाण्याचा सोडा टाका, फसफसलं की डाग निघालाच." हिंगोलीत इस्त्रीच्या दुकानापासून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत हा सल्ला फिरतो, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंनी त्याला आणखी जोर चढला आहे. फेस दाखवतात, लगेच पुढे लख्ख कॉलर दाखवतात. मधे काय केलं, ते कुणी विचारत नाही.

जरा हिशेब मांडू. एका कागदी लिंबातून साधारण २० मिलिलिटर रस निघतो. त्यात सायट्रिक आम्ल जेमतेम सव्वा ग्रॅम. ते दीडेक ग्रॅम सोड्याला भिडतं आणि दोघंही संपतात. मागे राहतं पाणी आणि सोडियम सायट्रेट नावाचा क्षार; कार्बन डायऑक्साइड उडून जातो. सोडावॉटरच्या बाटलीत असतो तोच हा वायू. कॉलरमधलं तेल तो ओढून काढत नाही, धाग्यात शिरत नाही. चमचाभर सोडा घातला असेल तर काही सोडा उरतो आणि तो किंचित मदत करतो, पण ती तर लिंबाशिवायही झाली असती. लिंबू वाया गेलं, इतकाच त्याचा अर्थ.

मग कॉलर खरोखर कशानं काळी पडते? बहुतेकांना वाटतं धुळीनं. धूळ असतेच, पण ती नंतर येते. आधी येतं तेल. डोकं, मान आणि पाठीचा वरचा भाग इथं तैलग्रंथी भरपूर असतात. त्यांतून पाझरणाऱ्या तेलात निम्म्याहून जास्त ट्रायग्लिसराइड आणि मेदाम्लं, साधारण पाव भाग मेण आणि दहा-बारा टक्के स्क्वालीन असतं. त्वचाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत हे आकडे मिळतात. त्यात डोक्याला चोपडलेलं खोबरेल तेल उतरतं. कॉलरच्या घडीवर मान दिवसभर घासते आणि हे मिश्रण धाग्यात मुरतं. त्या चिकट थरावर धूळ आणि मेलेली त्वचा बसते, ती काळी रेघ. कपाटात ठेवलेल्या 'स्वच्छ' शर्टाची कॉलर महिन्याभरानं पिवळी निघते, कारण आत राहून गेलेलं तेल, विशेषतः स्क्वालीन, हवेतल्या ऑक्सिजननं बदलत जातं. टेरिकॉटच्या, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या सुती शर्टात हा त्रास जास्त. पॉलिएस्टरचा धागा पाण्याला दूर लोटतो आणि तेलाला जवळ करतो.

बाकीचा शर्ट स्वच्छ आणि कॉलर तेवढी मळकी, ही तक्रार नवी नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी हॅना मॉन्टेग्यू या बाईनं १८२७ च्या सुमारास नवऱ्याच्या शर्टाची कॉलर कापून वेगळी धुतली आणि पुन्हा जोडली, असं सांगतात. पुढं सुट्ट्या कॉलरींचा मोठा धंदाच त्या गावात उभा राहिला.

आता मूळ गैरसमज, ज्याच्या पोटातून लिंबू-सोडा जन्मला: फेस जितका जास्त तितकी धुलाई चांगली. हे मला वारंवार ऐकावं लागतं आणि दर वेळी चीड येते, कारण यापायी लोक पैसे, पाणी आणि कपडा तिन्ही घालवतात. फेस म्हणजे हवेचे बुडबुडे. साबणाच्या किंवा डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक तेलात शिरतं, दुसरं पाण्याला धरून राहतं. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाला वेढतात आणि पाण्याबरोबर घेऊन जातात. हे काम पाण्याच्या आत चालतं, वरच्या बुडबुड्यांत नाही. पुरावा हवा असेल तर पुढून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनची पावडर बघा. तिच्यात फेस दाबणारे पदार्थ मुद्दाम घातलेले असतात, आणि ती कपडे उत्तम धुते. उलट रिठा भरपूर फेसाळतो, पण मुरलेल्या तेलासमोर तो डिटर्जंटच्या जवळपासही जात नाही. फेस इतकंच सांगतो की पाण्यात साबण अजून शिल्लक आहे. डाग गेला की नाही, हे त्याला ठाऊक नसतं.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात हा गैरसमज जास्त महागात पडतो. सेनगाव असो की कळमनुरी, बोअरचं पाणी काळ्या बेसाल्ट खडकाच्या भेगांतून येतं आणि बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, हे घराघरांत माहीत आहे. त्याच कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की पांढरट, चिकट साका तयार होतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्याची कठिणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं म्हटलं आहे. सहाशेच्या आसपासचं पाणी पिता येतं. त्यात साबण मात्र कपड्याला लागण्याआधीच खर्ची पडतो. फेस येत नाही म्हणून आणखी साबण घासला जातो, आणखी साका बसतो, आणि पांढरी कॉलर राखाडी होत जाते. डिटर्जंटच्या वड्या आणि पावडरी जड पाण्यात साबणाइतक्या हरत नाहीत, तरी पाणी त्यांचाही वाटा खातंच. अशा घरी भिजवण्याच्या पाण्यात आधी चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवावा. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा एक नव्हेत. धुण्याचा सोडा बराच तीव्र असतो, पाण्यातलं कॅल्शियम खाली बसवतो आणि हाताची कातडीही सोलवटतो. तेव्हा हातमोजे घाला, आणि रेशमी कपड्याला तो लावू नका.

कॉलर स्वच्छ निघते ती अशी. शर्ट कोरडा असतानाच कॉलरच्या रेघेवर भांडी घासायचं लिक्विड किंवा कपड्यांचं द्रव डिटर्जंट थेंब-थेंब लावायचं आणि बोटांनी हलकं चोळायचं. आधी ओला केलात तर धाग्यात पाणी भरतं आणि लिक्विड पातळ होतं. तेलकट कढईवर आपण आधी पाणी ओतत नाही, साबणच लावतो, तसंच. पंधरा-वीस मिनिटं थांबून, हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात एन्झाइम असलेली पावडर घालून शर्ट तासभर भिजवायचा. या पावडरींपैकी काहींत लायपेज नावाचं, तेल तोडणारं एन्झाइम असतं. डेन्मार्कच्या नोवो कंपनीनं १९८८ मध्ये डिटर्जंटसाठीचं लायपेज बाजारात आणलं. त्याला वेळ लागतो, म्हणून भिजवणं महत्त्वाचं. खळबळून धुतल्यावर उजेडात कॉलर पाहायची. रेघ दिसत असेल तर पुन्हा तेच करायचं, आणि ती जाईपर्यंत शर्ट इस्त्रीला द्यायचा नाही. गरम इस्त्रीखाली उरलेलं तेल धाग्यात पक्कं बसतं. कडक इस्त्रीच्या हौसेपायी कितीतरी चांगले शर्ट असेच पिवळे पडले आहेत.

ब्लीचनं सगळं जातं, हा दुसरा भ्रम. क्लोरीनचं ब्लीच रंग मारतं, तेल काढत नाही, म्हणून पिवळेपणा परत येतो. लायक्रा असलेला किंवा सुरकुती न पडण्याची प्रक्रिया केलेला कपडा त्यानं स्वतःच पिवळा पडू शकतो. आणि कृपा करून ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं अॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्यानं शत्रूच्या खंदकांवर सोडला, तोच वायू. बंद न्हाणीघरात तो थोडासुद्धा फुफ्फुसं जाळतो.

उकळत्या पाण्यानं तेल वितळतं खरं, पण एन्झाइम मरतं, आणि कॉलरच्या आत चिकटवलेलं कॅनव्हास सुटून कॉलरवर फुगे येतात. नायलॉनच्या ताठ ब्रशनं डागाआधी घडीवरचे धागे तुटतात. टूथपेस्ट भुकटीसारखी घासते, तेवढंच. नीळ डाग काढत नाही, निळसर छटेनं पिवळेपणा लपवते. सफेदी हवी असेल तर खुशाल घाला, पण कॉलर निघाल्यानंतर.

हळदीची गोष्ट वेगळी आहे. २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हंगामात शिजवणी-पॉलिशपासून मार्केट यार्डातल्या लिलावापर्यंत जो कुणी वावरतो त्याच्या कॉलरला ती लागते. साबण लावताच डाग लाल होतो आणि लोक घाबरतात, डाग बिघडला म्हणतात. काही बिघडलेलं नसतं. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. खळबळून धुतलं की तो पिवळ्यावर येतो. त्यानंतर कॉलर ओली असतानाच उन्हात पसरा. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत डाग बराच फिका पडतो. इथं लिंबू लावलं तर लाल लगेच पिवळा होतो, आणि म्हणूनच लिंबाचा गुण आला असं वाटतं. रंग बदललेला असतो, हळद जागेवरच असते.

जुन्या, इस्त्रीनं पक्क्या झालेल्या पिवळेपणावर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, कोमट पाण्यात घालून पांढरा सुती शर्ट चार-पाच तास भिजवावा. आधी लिक्विडनं तेल काढलेलं असलं तरच ते चालतं. तरीही रेघ राहिली आणि बाकी शर्ट धडधाकट असेल, तर शिंप्याकडे न्या. तो कॉलर उसवून, उलटवून पुन्हा शिवून देतो आणि आतली न मळलेली बाजू वर येते. मात्र घडीवरचा धागा विरलेला नसावा, एवढं आधी पाहून घ्या.