फोटो एडिट केला, 'सेव्ह'ही दाबलं, तरी जुनाच का दिसतोय?

फोटोच्या कडेला आलेली कचराकुंडी कापली, उजेड थोडा वाढवला आणि 'सेव्ह' दाबलं. गॅलरीत परत येऊन बघावं तर फोटो होता तसाच. पुन्हा एडिट, पुन्हा सेव्ह, पुन्हा तेच. कचराकुंडीचा प्रश्न असेल तर फार तर चिडचिड होते. पण कापलेल्या भागात पासबुकावरचा खाते क्रमांक असेल किंवा मुलीच्या गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र असेल, आणि फोटो न कापलेलाच सोसायटीच्या ग्रुपवर गेला असेल तर?

असं होण्यामागे फोन बिघडलाय असं सहसा नसतं. बऱ्याचदा तर एडिटिंग सेव्ह झालेलंही असतं, फक्त आपण शोधतो तिथे ते नसतं.

एडिटिंग फोटोत नसतंच, मग कुठे असतं?

शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी खडूने खुणा करतो. खुणा पुसल्या की कापड पुन्हा अख्खं. आजची बरीच फोटो ॲप्स अशीच चालतात. आयफोनच्या फोटोज ॲपमध्ये क्रॉप केलं, रंग बदलले की मूळ फोटोला धक्का लागत नाही. 'इथून इथपर्यंत कापा, उजेड इतका वाढवा' अशा सूचना वेगळ्या जपल्या जातात आणि त्या वापरून बदललेला फोटो दाखवला जातो. म्हणूनच वर्षभराने 'रिव्हर्ट' दाबलं तरी मूळ फोटो जसाच्या तसा परत मिळतो.

सोय चांगली आहे, पण खडूच्या खुणा ज्याला वाचता येतात त्यालाच त्या दिसतात. आयफोन केबलने विंडोज कॉम्प्युटरला जोडून फोटो कॉपी केले की एकाच फोटोच्या दोन-तीन फाइल्स दिसतात. 'आयएमजी' आणि नंबर असं नाव असलेली फाइल मूळ फोटोची. 'आयएमजी'नंतर 'ई' हे अक्षर असलेली फाइल एडिट केलेल्या फोटोची. शिवाय 'एएई' नावाची एक बारीकशी फाइल असते, जी उघडतही नाही. त्या म्हणजे त्या खुणा! प्रिंट काढणाऱ्या स्टुडिओवाल्याने घाईत पहिली फाइल उचलली की अल्बममध्ये न कापलेला फोटो छापून येतो आणि मग 'सेव्ह झालंच नव्हतं' असा समज होतो.

हा घोळ नवीनही नाही. २०१६ मध्ये बंद झालेलं गूगलचं पिकासा अनेक घरांतल्या कॉम्प्युटरवर होतं. त्यात फोल्डरसाठीचं 'सेव्ह' वेगळं दाबेपर्यंत बदल एका छोट्या लपलेल्या फाइलमध्येच राहायचे. पुढे नुसते फोटो पेन ड्राइव्हवर घेतलेल्यांना सगळे फोटो मूळ रूपातच मिळाले. फोटोग्राफर वापरतात त्या लाइटरूम क्लासिकमध्ये आजही बदल कॅटलॉगमध्ये राहतात. 'एक्स्पोर्ट' केल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत.

अँड्रॉइडवर काय होतं?

गूगल फोटोजमध्ये बऱ्याचदा 'सेव्ह कॉपी' हा पर्याय येतो. तो दाबला की मूळ फोटो तसाच राहतो आणि बदललेला फोटो वेगळा तयार होतो. लोक गॅलरीत सगळ्यात खाली किंवा वर, म्हणजे 'आजच्या' फोटोंमध्ये तो शोधतात. पण कॉपीवर तारीख साधारणपणे मूळ फोटोचीच असते. फोटो गेल्या गणपतीतला असेल तर कॉपीसुद्धा गेल्या गणपतीतल्या फोटोंमध्ये, त्याच्या शेजारी जाऊन बसते. एडिट सेव्ह झालं नाही असं वाटलं की सगळ्यात आधी तिथे बघावं.

मग खरोखरच सेव्ह होत नाही, असं कधी होतं?

होतं, आणि त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे जागा. बदललेला फोटो साठवायला फोनमध्ये मोकळी जागा लागते. फोन गच्च भरलेला असेल तर काही ॲप्स स्पष्ट सांगतात, काही नुसतीच मागे फिरतात. व्हिडिओच्या बाबतीत हे जास्त जाणवतं, कारण तिथे अख्खा व्हिडिओ नव्याने तयार होतो. तो तयार होत असताना ॲप बंद केलं तर काम अर्धवटच राहतं.

क्लाउडवरची जागा हे वेगळं प्रकरण. गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पासून अपलोड होणारे नवे फोटो त्यात मोजले जातात. आयक्लाउडवर तर मोफत जागा फक्त ५ जीबी. ती संपली की एडिट केलेला फोटो फोनमध्ये असतो, पण वर जात नाही. मग टॅबवर किंवा लॅपटॉपवर जुनाच फोटो दिसत राहतो. अशा वेळी नुसती फोनमधली जागा मोकळी करून उपयोग नसतो. क्लाउडवरची जागा रिकामी करावी लागते. त्यासाठी जीमेलमधल्या जुन्या, मोठ्या अटॅचमेंट उडवणं हा सगळ्यात कमी दुःखाचा मार्ग!

दुसरं कारण पटकन लक्षात येत नाही. मूळ फोटो फोनमध्ये नसतोच. आयफोनमध्ये 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' सुरू असेल, तर जागा कमी पडल्यावर मूळ फोटो आयक्लाउडवर राहतो आणि फोनमध्ये त्याची लहान आवृत्ती उरते. एडिट करायला मूळ फोटो खाली उतरवावा लागतो. एसटी घाटात असेल आणि रेंज गेली असेल तर चाक फिरत राहतं आणि एडिटिंग अडकतं. वायफाय मिळाल्यावर आधी फोटो पूर्ण उघडू द्या, मग एडिट करा.

तिसरं कारण आपण स्वतःच दिलेला नकार. अँड्रॉइड ११ पासून एखाद्या ॲपला दुसऱ्या ॲपने साठवलेला फोटो बदलायचा असेल तर फोन विचारतो, 'या ॲपला हा फोटो बदलू द्यायचा का?' सवयीने 'नको' दाबलं की सेव्ह फसलं. अँड्रॉइड १४ मध्ये ॲपला ठरावीक फोटोच दाखवायची सोय आली, त्यामुळे काही फोटो त्या ॲपला दिसतही नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची फोटोंची परवानगी तपासली की हे सुटतं. विंडोजवर असंच काम 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' करतं. ते सुरू असेल तर अनोळखी ॲपला 'पिक्चर्स' फोल्डरमध्ये लिहू दिलं जात नाही.

राहिला दुसऱ्याचा फोटो. आयक्लाउडच्या शेअर्ड अल्बममधला फोटो तिथल्या तिथे एडिट होत नाही. तो आधी स्वतःच्या लायब्ररीत घ्यावा लागतो. उलट बाजूनेही तेच. तुम्ही आधी अल्बममध्ये टाकलेला फोटो नंतर स्वतःच्या फोनमध्ये क्रॉप केलात, तरी नातेवाइकांना अल्बममध्ये जुनाच दिसतो, कारण तिथे त्याची वेगळी प्रत गेलेली असते.

कापलेला भाग खरंच गेला का?

२०२३ च्या मार्चमध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधली एक चूक उघड झाली. तिला 'ॲक्रॉपॅलिप्स' असं नाव पडलं. फोनमधल्या मार्कअप टूलने स्क्रीनशॉट क्रॉप केला की नवी, लहान फाइल जुन्या फाइलवरच लिहिली जायची, पण जुन्या फाइलचं उरलेलं शेपूट पुसलंच जात नव्हतं. ९० मिनिटांच्या कॅसेटवर दहा मिनिटांचं गाणं भरलं तर पुढे जुनं गाणं ऐकू येतं, तसंच. त्या शेपटातून कापलेल्या चित्राचा काही भाग परत मिळवता येत होता. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही असाच दोष निघाला. दोन्हीकडे तो दुरुस्त झाला, पण आधी पाठवलेल्या फाइल्स जिथे गेल्या तिथे तशाच राहिल्या.

चूक नसतानाही मूळ फोटो बाहेर जाऊ शकतो. आयफोनवरून एअरड्रॉप करताना वरच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'ऑल फोटोज डेटा' सुरू असेल तर एडिटिंगच्या इतिहासासह मूळ फोटोही जातो. समोरच्याने 'रिव्हर्ट' केलं की झाकलेलं सगळं उघडं! हायलायटरने नंबर झाकणंही धोक्याचं, कारण त्याची शाई अर्धपारदर्शक असते आणि उजेड वाढवला की आकडे वाचता येतात. आधारसाठी तर एवढा खटाटोप नकोच. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार अधिकृत वेबसाइटवरूनच मिळतं.

सेव्ह होत नसेल तर काय टाळायचं?

वैतागून मूळ फोटो डिलीट करून 'पहिल्यापासून' सुरुवात करू नका. आयक्लाउड किंवा गूगल फोटोजशी जोडलेल्या एका फोनवरून डिलीट केलेला फोटो सगळीकडून जातो. गेलाच असेल तर आयफोनच्या 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये तो ३० दिवस असतो. गूगल फोटोजच्या बिनमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस, न झालेला ३० दिवस राहतो. ॲपचा डेटा पुसणं किंवा ॲप काढून टाकणं हेही बॅकअप पूर्ण झाल्याची खात्री करूनच. काही एडिटिंग ॲप्स अर्धवट कामं स्वतःच्याच पोटात ठेवतात आणि ॲपबरोबर तीही जातात.

त्याऐवजी फोन एकदा बंद करून सुरू करा, ॲप अपडेट करा, एक-दोन जीबी जागा मोकळी करा आणि दुसऱ्याच एखाद्या फोटोवर एडिटिंग करून बघा. तो सेव्ह झाला तर अडचण ॲपची नाही, त्या एका फोटोची आहे. तो मेमरी कार्डवर असेल तर फोनच्या मेमरीत हलवून पुन्हा प्रयत्न करा. अगदीच निकड असेल तर एडिट केलेला फोटो स्क्रीनवर असताना स्क्रीनशॉट घ्या. दर्जा थोडा घसरतो, पण स्क्रीनवर दिसतं तेवढंच त्यात येतं. नंबर किंवा चेहरा कापलेला फोटो असेल तर तो ग्रुपवर टाकण्याआधी घरातल्याच दुसऱ्या फोनवर पाठवा आणि तिथे उघडून, झूम करून बघा.